अर्ध्यावर दिलेली कुत्री

आमच्या कुत्रीचं नाव मी इथं सांगणार नाही. या सगळ्या प्रकरणात फक्त तिचीच अब्रू शाबूत राहिली आहे, ती तशीच राहू द्यावी. माझी म्हणाल तर जव्हारच्या स्टाफरूमपासून दाभोशाच्या खालच्या पाड्यापर्यंत वाटून झाली.

मी जव्हारात अकरावी-बारावीला मराठी शिकवतो. 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' हा माझा लाडका प्रश्न आणि 'संदर्भ चुकला' हा त्याहून लाडका शेरा. लाल शाईनं तो शेरा मारताना मला जो आनंद होतो तो चांगल्या माणसाला होऊ नये. हे आधीच कबूल करतो, कारण पुढं जे झालं ते एका साध्या शब्दाचा संदर्भ चुकल्यामुळं झालं, आणि चुकवणारा वर्गातला कोणी नव्हता.

कुत्री घरात आल्यापासून बायकोनं एक रात्रही बाहेर काढली नव्हती. कुत्री अर्धी गावठी. बाकीची कसली यावर आमच्यात एकमत नाही. मी शिकारी जातीची म्हणतो, बायको म्हणते घाबरट जातीची. काम एकच, भुंकणं. दूधवाल्यावर, कुकरच्या शिट्टीवर, दोरीवर वाळणाऱ्या माझ्या पायजम्यावर. तो पायजमा अंगात असला तरी भुंकते, त्यामुळं तिचा राग नेमका कशावर ते कळत नाही.

आणि मग साताऱ्याकडून सासूबाईंचा फोन आला. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकलेला. एक डोळा मार्गशीर्षात करायचा, साखर आटोक्यात राहिली तर दुसरा पाडव्याच्या सुमारास. सून एकटी, तिचं पोर लहान. आईला लेकच हवी होती. आधीच्या दोन दिवाळ्या बायकोनं कुत्रीचं कारण सांगून टाळल्या होत्या. या वेळी आईनं काही ऐकवलं नाही, फक्त म्हणाली, "तुझं तोंड नीट दिसेनासं झालंय गं." बायकोनं फोन ठेवून माळ्यावरची बॅग खाली काढली.

संध्याकाळी म्हणाली, "जायचं. तीनेक आठवडे तरी लागतील. पण हिला विश्वासाच्या हातात दिल्याशिवाय मी एसटीत पाय ठेवणार नाही. आणि तो हात तुम्ही शोधायचा."

"मीच का?"

"कारण डॉक्टरांनी हिचं ऑपरेशन करा म्हणून सांगितलेलं, ते तुम्ही पावसाळा जाऊ दे, दिवाळी जाऊ दे करत बसलात. निदान एवढं तरी करा."

पिल्लं होऊ नयेत म्हणून करायच्या ऑपरेशनबद्दल ती बोलत होती. मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी लगेच दुसऱ्या विषयाकडं, म्हणजे शोधाकडं वळलो.

पहिला उमेदवार शेजारचे निवृत्त गृहस्थ. कुंपणावरून ते कुत्रीला रोज "काय गं सोन्या" म्हणायचे. पण आमच्या देखत लाड करणारा माणूस आमच्या मागं काय करतो, हे कळायला नको? मी परीक्षा घ्यायची ठरवली. कुत्री त्यांच्या अंगणात सोडली, "बाजारातून येतो" म्हटलं आणि मागच्या बाजूनं येऊन त्यांच्या पाण्याच्या टाकीआड दबा धरून बसलो. विचार असा की माणूस एकटा असताना कसा वागतो ते दिसेल. दिसलं ते त्यांना. कुत्रीनं वास काढत येऊन टाकीसमोर बैठक मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा न भुंकता नुसती शेपटी हलवत राहिली. शेजारी काठी घेऊन साप समजून आले.

"सर, बाजार इथं भरतो होय?" ते म्हणाले.

त्यानंतर त्यांना विचारण्याचं तोंड मला उरलं नाही. त्यांनीही "काय गं सोन्या" बंद केलं ते आजतागायत.

दुसरा उमेदवार शिरपामाळच्या वाटेवरच्या एका लॉजचा मॅनेजर. पाहुण्यांचे कुत्रे ठेवून घेतो असं ऐकलं होतं. माणूस हसतमुख. मी म्हटलं, ती दोनदा जेवते. "नो प्रॉब्लेम सर." एकटी झोपत नाही. "नो प्रॉब्लेम सर." मला संशय आला. म्हटलं, पहाटे तिला पेटी लागते, भैरवीशिवाय ती उठत नाही. "नो प्रॉब्लेम सर, करून टाकू."

तिथून चालत परत येताना मला सिद्धान्त सापडला. जो सगळ्याला हो म्हणतो त्याला काही द्यायचं नाही. जो उलट प्रश्न विचारतो तोच खरा. हा सिद्धान्त आजही मला चुकीचा वाटत नाही. प्रश्न कसले आहेत हेही ऐकावं, एवढी पुरवणी मात्र मी नंतर जोडली.

आता ती बाई. दाभोशाच्या पुढं, जीप सोडून थोडं उतरलं की तिचा पाडा. आठवडी बाजाराला वाल, कोनफळं, घरची अंडी घेऊन येते आणि उरलेला माल आमच्या दारात आणून बायकोशी घासाघीस करते. नवरा हंगामात भिवंडीकडं वीटभट्टीवर जातो. ही कोंबड्यांसाठी आणि शेतासाठी मागं राहते. कुत्री तिच्यावर दर आठवड्याला नव्यानं भुंकायची. त्या दिवशी मी सहज म्हटलं, "आम्हाला गावाला जायचंय. हिला ठेवायची कुठं ते कळत नाही."

तिनं टोपली खाली ठेवली आणि कुत्रीकडं नीट पाहिलं.

"किती वर्साची?"

"तीन होतील."

"वेत झालं?"

"नाही, एकदाही नाही."

"आजारबिजार?"

"काही नाही. सगळ्या सुया वेळच्या वेळी."

"भुकते आशीच? का माणूस बगून?"

"अशीच. अष्टौप्रहर."

"बरी हाय," ती म्हणाली. "मी ठेवीन."

मी मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी दिले. वय विचारलं, तब्येत विचारली, स्वभाव विचारला. एवढं तर मुलगी बघायला आलेले लोक विचारत नाहीत. बायको आत कुत्रीची गोधडी शोधत होती. ती बाहेर असती तर ही गोष्ट इथंच संपली असती.

"अर्ध्यावर ना, सायेब?" बाईनं विचारलं.

आता माझ्यासारख्या व्यवहारी माणसाला 'अर्ध्यावर' म्हणजे काय वाटणार? अर्धे पैसे आधी, अर्धे नंतर. गवंडी असाच घेतो, मांडववाला असाच घेतो. उलट मला तिचं कौतुक वाटलं, की बघा, पूर्ण आगाऊ मागत नाही. मी ऐटीत म्हटलं, "अर्ध्यावरच. बोलणं म्हणजे बोलणं."

आणि नोटा पुढं केल्या. तिनं त्या नोटांकडं जरा नवलानं पाहिलं. "हे कशाला?"

"असू दे. तिच्या खाण्यापिण्याला."

"बरं," ती म्हणाली आणि कमरेला खोचल्या.

ठरल्या दिवशी आम्ही कुत्री पोचवून आलो. जीपमध्ये ती ड्रायव्हरवर भुंकली, धबधब्याच्या पाटीवर भुंकली, पाड्यात शिरताच तिथल्या कोंबड्यांवर भुंकली. बाई खूश होती. मी शहरातून मागवलेल्या कुत्र्याच्या खाद्याचा पुडा दिला आणि ते किती आणि कधी द्यायचं यावर छोटं व्याख्यान दिलं. तिनं दाणे तळहातावर घेऊन पाहिले.

"हे कोंबड्यांचं?"

"नाही, हिचं."

"बरं," ती म्हणाली. (तो पुडा कोंबड्यांनीच खाल्ला. अंडी चांगली आली म्हणाली.)

साताऱ्याकडं गेल्यावर बायकोचा जीव अर्धा आईच्या डोळ्यात आणि अर्धा दाभोशात. रोज संध्याकाळी फोन. पाड्यात आंब्याखालच्या एका दगडावर रेंज येते, तिथं येऊन बाई बोलायची.

"कशी आहे?"

"मजेत."

"जेवते?"

"भाकर खाते. मासं खाते. माझं डोकं खाते."

बायकोला भुंकणं ऐकल्याशिवाय चैन पडायचं नाही. बाई फोन कुत्रीसमोर धरायची. एकदा दोन आवाज आले. एक आमचा, चिरका. दुसरा नुसता धापा टाकल्याचा, दमदार.

"दुसरं कोण धापा टाकतंय?"

"सोबत हाय तिला. येकटी नाय पडायची."

बायकोचे डोळे भरून आले. "बघा," ती मला म्हणाली, "किती करते ती बाई." मीही भारावलो. सासूबाईंना पट्टी बांधलेल्या अवस्थेत मी माणसं पारखण्यावर जे काही ऐकवलं ते त्यांनी निमूट ऐकलं. त्यांना उठून जाता येत नव्हतं.

परत आलो तर कुत्री गुबगुबीत, अंगावर तकाकी. बायकोनं तिला मिठी मारली. मी खिशातून उरलेले अर्धे काढले. बाई दोन पावलं मागं सरली.

"राहू द्या, सायेब. मंग बगू."

"अगं, ठरलं होतं ना अर्ध्यावर?"

"हा. मंगच बगू ना. आत्ता कुठं?"

मला गहिवरून आलं. जीपमध्ये मी बोलू शकलो नाही, आणि असं क्वचित होतं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मात्र मी भरपाई केली. या मातीतली माणसं, घेणं असून न घेणारी, शब्दाला जागणारी. प्राचार्य स्वतः चहा घेऊन ऐकत होते. मी माझा सिद्धान्तही मांडला, लॉजवाल्याच्या पेटीसकट. टाळी मिळाली.

मग कुत्री आणखी जाड झाली. मी म्हटलं, पाड्यावरच्या खाण्यानं सुटलीय, आता हिला व्यायाम पाहिजे. रोज पहाटे तिला घेऊन शिरपामाळाकडं पळायला निघालो. पहिले काही दिवस ती माझ्यामागं, नंतर माझ्या बरीच मागं, आणि एके दिवशी चढाच्या मध्यावर बसलीच. माझ्याकडं अशी पाहत राहिली की मला सुट्टीच्या अर्जावर सही न करणारे प्राचार्य आठवले. भाकरही मी निम्मी केली होती. शेवटी बायको तिला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली, मी लठ्ठपणाचा इतिहास सांगायला बरोबर.

डॉक्टरांनी पोटावरून हात फिरवला आणि माझ्याकडं वळून विचारलं, "पळवताय हिला?"

"रोज."

"सर, हिला डिंकाचे लाडू खाऊ घालायची वेळ आलीय. पळायचं थांबवा, निदान तिचं तरी."

बायको घरी आली ती थेट स्वयंपाकघरात गेली. कुत्रीची भाकर तिनं दुप्पट केली आणि माझ्या ताटात मी कुत्रीची केली होती तेवढी, म्हणजे निम्मी, वाढली.

पाच पिल्लं झाली. तीन कुत्रे, दोन कुत्र्या. त्यातली तीन कुळकुळीत काळी, आमच्या कोणाच्याच घराण्यात नसलेल्या रंगाची. मला वाटलं, पाड्यातला एखादा भटका येऊन गेला असेल. बाई बिचारी कुठं कुठं लक्ष ठेवणार? मी तिला मोठ्या मनानं माफ करून टाकलं. आणि स्टाफरूममध्ये पाचही पिल्लं वाटून मोकळा झालो. एक प्राचार्यांना, एक भूगोलाला, एक परीक्षा विभागाला, दोन ऑफिसात. मला आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता.

पिल्लं डोळे उघडून घरभर फिरायला लागली तेव्हा साताऱ्याहून निरोप आला की सासूबाईंची साखर उतरली आहे, दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली. बायको म्हणाली, "आता लेकुरवाळीला कोण ठेवून घेणार? एकच घर आहे. या बाजाराला ती आली की विचारते."

बाजाराच्या दिवशी बाई आली. या वेळी टोपलीत वाल नव्हता. टोपली रिकामी होती आणि आत जुनं लुगडं घडी करून अंथरलेलं.

"किती झाली?" तिनं दारातूनच विचारलं.

"पाच," बायको म्हणाली. "तुला कसं कळलं?"

"मला नाय कळायचं तर कुणाला?" ती आत आली, पिल्लांपुढं बसली आणि एकेकाला मानेला धरून उचलून उलटंपालटं करून पाहायला लागली. "ह्ये बापावर गेलं. ह्ये पण. ह्येचा आवाज बारीक हाय, ह्ये सायबांना ऱ्हाऊ द्या."

"मला राहू द्या म्हणजे?" मी म्हटलं.

"वाटा नको करायला? तुमीच दिली ना अर्ध्यावर?"

आणि तिनं समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. शेळी अर्ध्यावर देतात ना? धन्याची शेळी, राखणाऱ्याची राखण, होतील ती करडं अर्धी-अर्धी. कोंबडी अर्ध्यावर देतात, तशीच कुत्री. कुत्री अर्ध्यावर कोणी देत नाही, हे खरं. तिलाही त्या दिवशी नवल वाटलं होतं. पण सायबानं स्वतः सांगितलं, बोलणं म्हणजे बोलणं.

आमच्या साताऱ्याकडंही शेळ्या अशाच देतात. मीही तिकडचाच, मला हे पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. फक्त मराठी शिकवायला लागल्यावर विसरलो.

"आणि ते पैसे?"

"ते तुमी खायला दिलं ना तिच्या. मी म्हटलं, मोठा माणूस हाय, वरनं खुराक देतो."

मी म्हटलं, "पण या काळ्यांचा बाप! म्हणजे ती फोनवरची 'सोबत' मुद्दाम?"

"मंग? वरच्या पाड्यातला हाय. डुकराला भीत नाय. पण मुका. नुसता धावतो, आवाज नाय. डुक्कर नाचणीत शिरलं तरी आमाला सकाळी कळतं. तुमची भुकते, पण वाऱ्याला पण भिते. दोन्ही येका ठिकाणी पायजे होतं." तिनं एक काळं पिल्लू वर धरलं. ते तिच्या नाकाला नाक लावून भुंकलं. "हा. आसं."

म्हणजे मी सांभाळणारी पारखत होतो तेव्हा ती सून पारखत होती. वयाचा प्रश्न, वेताचा प्रश्न, भुंकण्याचा प्रश्न. सगळे प्रश्न तिनं माझ्या कुत्रीला विचारले होते आणि सगळे गुण मी तिला देऊन बसलो होतो.

बायको एव्हाना भिंतीला टेकून हसत होती, आवाज न करता, डोळे पुसत. मला तिचा राग आला. मी म्हटलं, "हे बघ, गैरसमज झाला. पिल्लं मी सगळी देऊन टाकलीत. शब्द दिलाय कॉलेजात."

बाईनं पिल्लू खाली ठेवलं. "माजी पण?"

मी पिल्लं पुन्हा मोजायला लागलो.

"माजं अर्धं तुमी वाटलं?" ती ओरडली नाही. लुगड्याची घडी तिनं टोपलीत परत नीट केली, रिकामी टोपली उचलायच्या बेतानं. "मंग ऱ्हाऊ द्या. यंदाची नाचणी पण डुकराला."

बायकोचं हसू थांबलं होतं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लख्ख वाचता आलं: ही बाई अशी दारातून गेली तर आईचा दुसरा डोळा लेकीशिवाय उघडणार.

"बस गं," बायको तिला म्हणाली. "यांनी वाटलं ते यांच्या वाट्यातलं. तुझी दोन तुला. आणि वरचं पाचवंही तूच ने."

"पाचवं कसं? त्ये धन्याचं," बाई म्हणाली. या बाबतीत ती माझ्यापेक्षा काटेकोर निघाली.

"फुकट नाही. मला आईकडं जायचंय, पुढच्याच महिन्यात. पिल्लं अजून अंगावर पितात. ही आणि हिची पोरं, सगळी तुझ्याकडं ठेवते. आणि यापुढं मी कधीही माहेरी निघाले की हिला तूच ठेवायची. बोल."

बाईनं विचार केला. "येता-जाता जीपवर तुमी सोडायची."

"हे सोडतील."

"आणि पुढचं वेत?"

"आल्या आल्या हिचं ऑपरेशन करणार. पुढचं वेत नाही."

"नकोच," बाईनं मान हलवली. "तीन बस हायेत मला. भाकर कोण घालणार?"

दोघींनी ठरवलं. मी मधे एकदा तोंड उघडलं तर बायको म्हणाली, "तुम्ही कशालाही हो म्हणू नका." मी मान डोलावली, तीही जरा घाबरतच.

स्टाफरूमचा हिशोब चुकवणं जड गेलं. शब्द पाच पिल्लांचा आणि हातात दोन. भूगोल बोलेनासा झाला. परीक्षा विभागानं मला उन्हाळाभर एवढं पर्यवेक्षण दिलं की मला उभ्याउभ्या झोपायला यायला लागलं. बारीक आवाजाचं पिल्लू प्राचार्यांना मिळालं. ते त्याला शांत स्वभावाचं म्हणतात. बाईचे तिघं चैत्रापासूनच तिच्या कोंबड्यांभोवती गस्त घालताहेत. पावसात नाचणी उभी राहिली की डुकरांचा निकाल लागेल. ऑपरेशनही झालं. बायको स्वतः घेऊन गेली, मला नेलं नाही.

बायको वेळेवर माहेरी पोचली. या वेळी पाड्यावर रोज फोन केला नाही, एकदा-दोनदाच. पट्टी निघाली तेव्हा ती आईसमोर बसली होती, मी तिच्या मागं उभा. सासूबाईंनी तिच्याकडं पोटभर पाहिलं, केसांतली पांढरी बट मागं सारली, मग माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही फोटोत बरे दिसता." त्यानंतर बायकोनं त्यांना मोबाइलवर पिल्लं दाखवली. दोन्ही डोळ्यांनी बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "यातलं माझं कुठलं?"

माझ्या वाट्याचं शेवटचं पिल्लू असं साताऱ्याला गेलं. पिशवीतून मुंडकं बाहेर काढून, सबंध एसटीवर भुंकत.

परवा सासूबाईंचा फोन आला. गावात भाचीचं लग्न आहे, दोन दिवस जायचंय, पण याला ठेवायचं कोणाकडं? "तुम्हाला यातलं कळतं म्हणे," त्या मला म्हणाल्या. "माणूस कसा पारखायचा, सांगा बरं."

मी घसा साफ केला, खुर्ची पुढं ओढली आणि म्हटलं, "त्याचं असं आहे, आई, जो उलट प्रश्न विचारतो..."

बायकोनं फोन काढून घेतला.